सौदा आणि पोच : कोल्हापूरच्या गूळपेठेतील विक्रेता व दूरचा ग्राहक

१

मराठी व्यापारी भाषेत 'पोच' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. माल मुक्कामी दाखल होणे ही पोच होय; आणि तो दाखल झाल्याची जी लेखी कबुली घेणारा देतो, तीही पोचच होय. यांपैकी पहिली एक घटना आहे आणि दुसरी त्या घटनेविषयीची साक्ष आहे. विक्रेता व ग्राहक समोरासमोर उभे असतात तोवर या दोन अर्थांत अंतर पडत नाही. माल एका हातातून दुसऱ्या हातात जातो आणि घेणाऱ्याचे मौन हीच त्याची कबुली ठरते. परंतु दोघांमध्ये शेकडो मैलांचे अंतर पडले, की माल पोचणे आणि पोच मिळणे या दोन निराळ्या गोष्टी होतात. माल पोचला पण पोच मिळाली नाही. पोच मिळाली पण तिच्यात 'माल ओला, वजनास कमी' असा शेरा आला. माल वाटेतच राहिला आणि दोघेही वाहतूकदाराकडे बोट दाखवू लागले: दूरच्या व्यापारातील बहुतेक तंटे या अंतरातूनच उद्भवलेले दिसतात.

ऑनलाइन लिलावाच्या प्रसारानंतर विक्रेत्यांच्या ज्या तक्रारी ऐकू येतात त्या याच जातीच्या आहेत. ग्राहक माल परत करतो, चित्राप्रमाणे नाही म्हणतो, मिळालाच नाही म्हणतो. पार्सल वाटेत फुटते किंवा अडकून पडते. या तक्रारी नव्या युगाच्या आहेत अशी सर्वसाधारण समजूत आहे. कोल्हापूरच्या गूळपेठेचा इतिहास पाहिला असता ती समजूत टिकत नाही. या पेठेत लिलावाने विकलेला नाशवंत माल दूरच्या, न पाहिलेल्या ग्राहकाकडे पाठविण्याचा व्यवहार शंभरांहून अधिक वर्षे चालू आहे. त्या काळात भावासंबंधीचा तंटा पुष्कळ अंशी सुटत गेला. पोचेसंबंधीचा तंटा मात्र सुटला नाही, तो केवळ एका मध्यस्थाकडून दुसऱ्या मध्यस्थाकडे गेला. हे कसे घडले याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

२

प्राचीन भारतीय व्यवहारशास्त्राने या प्रश्नाची दोन अंगे स्पष्टपणे वेगळी केली होती. नारदस्मृतीतील व्यवहारपदांत 'विक्रीयासंप्रदान' आणि 'क्रीत्वानुशय' अशी दोन पदे लागोपाठ येतात. पहिल्याचा विषय विकूनही माल न देणे हा आहे; दुसऱ्याचा, विकत घेतल्यावर पश्चात्ताप होणे हा. आजच्या भाषेत सांगावयाचे तर एक पद पोचविण्याचे आणि दुसरे परताव्याचे होय.

नारदाने दोन्ही पक्षांवर बंधने घातली आहेत. विकलेला माल विक्रेत्याने दिला नाही आणि दरम्यान तो जळाला, चोरीस गेला अथवा खराब झाला, तर ते नुकसान विक्रेत्याचेच. चांगला माल दाखवून वाईट देणाऱ्यास किमतीच्या दुप्पट रक्कम आणि तितकाच दंड. उलटपक्षी, विक्रेता माल देऊ करीत असता ग्राहक तो घेत नसेल, तर विक्रेत्याने तो दुसऱ्यास विकण्यात अपराध नाही. ग्राहकाने गुणदोष आधीच पारखून घ्यावेत. पारखून पसंत केलेला माल परत करता येत नाही. एरवी त्याच दिवशी, माल न बिघडविता, तो परत करता येतो. दुसऱ्या दिवशी परत केल्यास किमतीचा तिसावा भाग आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट भाग ग्राहकाने सोडावा. त्यानंतर माल त्याचाच. पारखण्याची मुदतही वस्तूच्या स्वभावानुसार ठरविली होती: दुभत्या जनावरास तीन दिवस, ओझ्याच्या जनावरास पाच, रत्नांस सात, बियाण्यास दहा.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आणखी दोन महत्त्वाच्या गोष्टी आढळतात. शुल्कशाळेजवळ व्यापाऱ्याने मालाचे परिमाण व किंमत तीनदा पुकारावी, आणि घेणाऱ्यांच्या चढाओढीने किंमत वाढल्यास ती वाढ राजकोशात जमा व्हावी, असे त्यात सांगितले आहे. म्हणजे चढाओढीने वाढणाऱ्या जाहीर बोलीची कल्पना येथे जुनीच आहे. मराठीतील 'लिलाव' हा शब्द मात्र पोर्तुगीजांकडून आला. दुसरी गोष्ट अशी, की सौदा फिरविण्याची मुदत कौटिल्याने सर्वांस सारखी ठेवलेली नाही. व्यापाऱ्यांस एक रात्र, शेतकऱ्यांस तीन रात्री, गुराख्यांस पाच रात्री अशी ती चढती आहे. ज्याचा धंदाच खरेदीविक्रीचा आहे त्यास थोडा अवधी पुरे. ज्याचा तो धंदा नाही त्यास अधिक हवा, असा यातील विचार दिसतो. दोन पक्षांचे बळ सारखे नसते, हे तत्त्व त्यात गृहीत आहे. ते पुढे उपयोगी पडणार असल्याने येथे नोंदवून ठेवणे इष्ट होय.

तथापि या सर्व नियमांत ग्राहक हाताशी आहे, माल पाहू शकतो, आणि तोच माल घेऊन दुसऱ्या दिवशी परत येऊ शकतो. अंतराचा विचार त्यांत फारसा नाही. कोल्हापूरच्या गुळापुढे प्रश्न आला तो अंतराचा.

३

गूळ हा वाहतुकीच्या दृष्टीने अवघड जिन्नस आहे. गुऱ्हाळात काहिलीतील रस आटवून, मळी काढून, तो साच्यात ओतला की रवा तयार होतो. कोल्हापूर भागात 'रवा' म्हणजे गुळाची मोठी ढेप. तिचे रूढ वजन ३० किलो. एकाच गुऱ्हाळात एकाच दिवशी काढलेल्या दोन आधणांचा रंग सारखा येईलच असे नाही. उसाची जात, जमीन, चुलवाणाची आच आणि गुळव्याचा हात या सर्वांवर तो अवलंबून असतो. शिवाय गूळ हवेतील ओलावा शोषून घेतो. कोरड्या हवेत निघालेला कडक रवा दमट हवेत मऊ पडतो, रंगाने काळवंडतो, पाझरू लागतो. म्हणून विक्रीच्या वेळी पाहिलेला गूळ आणि मुक्कामी उतरलेला गूळ यांत फरक पडणे हे लबाडीचेच लक्षण नव्हे. तो त्या वस्तूचा स्वभाव आहे. पण फरकाचे कारण स्वभाव की लबाडी, हे दूरच्या ग्राहकास कळण्याचा मार्ग नसतो, आणि लांबच्या विक्रेत्यास ते सिद्ध करण्याचाही नसतो.

१८९१ साली मिरज ते कोल्हापूर हा लोहमार्ग सुरू झाला आणि गुळास दूरची पेठ खुली झाली. १८९५ साली राजर्षी शाहू महाराजांनी स्टेशनलगत शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसविली. गूळ हा तिचा मुख्य जिन्नस होता, आणि पुढे गुजरात हा कोल्हापुरी गुळाचा मोठा ग्राहक झाला. पंचगंगेच्या खोऱ्यातील शेतकरी गाडीने माल आणी. अडत्या तो आपल्या दुकानापुढे उतरवून घेई. खरेदीदार येऊन सौदा करी. आणि तो माल पुढे अशा माणसाकडे जाई, ज्यास शेतकऱ्याने कधी पाहिले नव्हते.

अडत्या हा या व्यवहाराचा कणा होता. तो शेतकऱ्यास हंगामापूर्वी उचल देई, माल उतरवून घेई, विक्री करून देई आणि अडत, हमाली, तोलाई वजा करून उरलेल्या रकमेची पट्टी शेतकऱ्याच्या हाती देई. त्याची सोय मोठी होती: पैसे बुडाले तर ते अडत्याचे बुडत, शेतकऱ्यास आपली पट्टी मिळे. परंतु उचलीमुळे शेतकरी त्यास बांधला जाई. आणि मालाचा गुणदोष, वजनातील घट, ग्राहकाची तक्रार या सर्वांविषयी अंतिम शब्द अडत्याचा राही. 'कडता' हा शब्द या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. घट, ओलावा, बारदान यांच्या नावाने वजनातून जे काही कापले जाई त्यास हे नाव होते. दूरच्या ग्राहकाची संभाव्य तक्रार माल पेठेत असतानाच शेतकऱ्याकडून आगाऊ वसूल करण्याची ही रीत होती. पुढे वाटेत घट आली नाही तरी कापलेला कडता परत येत नसे.

४

विक्रेत्याचे पहिले गाऱ्हाणे मात्र भावासंबंधी होते. देशातील अनेक पेठांत रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची पद्धत होती. अडत्या व खरेदीदार यांचे हात रुमालाखाली बोलत; माल ज्याचा तो शेतकरी शेजारी उभा राहून रुमालाकडे पाही. बाजारातील या गैरप्रकारांची दखल १९२८ साली अहवाल सादर करणाऱ्या शाही शेती आयोगानेही घेतली.

हाताच्या या भाषेस मराठीत तोंडी जोडही होती. व्यापारी व दलाल यांची 'नंदभाषा' मराठी कोशकारांना परिचित आहे. तीत एकास 'केवली', दोहोंस 'आवारू', तिहींस 'उधानू' असे आकडे होते. भाषाशास्त्राच्या दृष्टीने तिची रचना लक्षणीय आहे. व्याकरण मराठीचेच, क्रियापदे मराठीचीच. बदललेले असत ते प्रामुख्याने संख्यावाचक शब्द आणि व्यापारातील काही नामे. म्हणजे ऐकणाऱ्यास वाक्य कळावे, फक्त किंमत कळू नये, अशी ही योजना होती. गुप्त भाषा बहुधा परक्यांपासून लपण्यासाठी निर्माण होते. ही ज्याचा माल विकला जात आहे त्याच्यापासून लपण्यासाठीही वापरता येण्याजोगी होती.

हा पडदा कायद्याने दूर झाला. वऱ्हाडात १८९७ साली कापूस व धान्य बाजारांसाठी कायदा झाला होता. मुंबई इलाख्यात १९३९ साली शेतमाल बाजार कायदा आला. कोल्हापुरात संस्थान १ मार्च १९४९ रोजी विलीन होण्यापूर्वीच, १९४० नंतरच्या दशकात, बाजार समिती अस्तित्वात आली. पुढे महाराष्ट्रासाठी १९६३ चा कृषी उत्पन्न पणन कायदा झाला. या कायद्यांचा आशय थोडक्यात असा: विक्री उघड बोलीने व्हावी, वजन परवानाधारक मापाऱ्याने करावे, ठरल्याहून अधिक कपात करू नये, आणि पैसे वेळेवर द्यावेत. यांतील प्रत्येक नियम प्रत्येक दिवशी पाळला गेला असे नाही. अडत, कपात व हमाली यांवरून शेतमालाच्या बाजारात नंतरही वाद होत राहिले. तरीही एक गोष्ट कायमची बदलली. भाव सर्वांच्या कानांवर पडू लागला. रुमाल गेला आणि नंदभाषा कोशात जाऊन बसली.

कायद्याचे लक्ष मात्र पेठेच्या आवारापुरते होते. माल आवाराबाहेर पडला की दुसरे राज्य सुरू होई.

५

ते राज्य रेल्वेचे होते. मिरज–कोल्हापूर फाटा आणि मिरजेहून पुण्याकडे जाणारा मार्ग, दोन्ही मीटरगेज होते. पुण्याहून मुंबईकडे जाणारा मार्ग ब्रॉडगेज. त्यामुळे मुंबई व गुजरातकडे रेल्वेने जाणारा माल वाटेत एका डब्यातून दुसऱ्या डब्यात चढवावा लागे. मीटरगेजचा हा अडसर विसाव्या शतकाच्या आठव्या दशकाच्या आरंभी दूर झाला. गुळासारख्या मालास चढउतार म्हणजे नुकसानीची आणखी एक संधी. रवा फुटे, बारदान फाटे, पावसाळी दिवसांत फलाटावर ओल लागे.

अशा नुकसानीचा भार कोणावर? १८९० च्या रेल्वे कायद्याने रेल्वेची जबाबदारी ठेव सांभाळणाऱ्याइतकीच मानली होती. शिवाय 'मालकाच्या जोखमीवर' माल पाठविल्यास भाडे कमी पडे. थोड्या नफ्यावर जगणारा माणूस साहजिकच तो दर पत्करी आणि जोखीम आपल्या शिरावर घेई. भरपाई हवी असल्यास मागणी सहा महिन्यांच्या आत लेखी करावी लागे. १९६१ च्या दुरुस्तीने १ जानेवारी १९६२ पासून रेल्वेची जबाबदारी वाढली आणि मालाच्या सुरक्षिततेची हमी तिच्यावर आली. पण त्यातही जे अपवाद ठेवले गेले त्यांत मालाचा अंगभूत दोष हा एक होता. ओलावा धरणे हा गुळाचा अंगभूत धर्मच असल्याने या अपवादाचे महत्त्व गुळाच्या बाबतीत विशेष होते.

१९३० चा मालविक्री कायदा याच अंतराशी झगडतो. लिलावातील विक्री बोली पक्की झाल्याचे जाहीर होताच पुरी होते. तोवर बोलणाऱ्यास आपली बोली मागे घेता येते. विक्रेत्याने कराराप्रमाणे माल वाहतूकदाराच्या स्वाधीन केला म्हणजे तो सकृद्दर्शनी ग्राहकास दिला असे कलम ३९ म्हणते. परंतु न पाहिलेला माल तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत ग्राहकाने तो स्वीकारला असे मानता येत नाही, असे कलम ४१ सांगते. म्हणजे माल दिला गेला आहे, पण स्वीकारला गेलेला नाही, अशी एक अवस्था कायद्यानेच मान्य केली. या अवस्थेत माल ज्याच्या ताब्यात असतो त्याने आधी आणि तो उघडून पाहणाऱ्याने नंतर जे सांगावे, त्यावर तंट्याचा निकाल अवलंबून राहतो. विक्रेता तेथे हजर नसतो.

६

लहान विक्रेत्यास या अंतरावर उपाय म्हणून टपाल खात्याने १८७७ साली व्ही. पी. ची पद्धत सुरू केली. पोस्टमन पार्सल देईल आणि किंमत वसूल करून विक्रेत्यास पाठवील. मराठी ग्रंथप्रकाशकांनी व मासिकांनी तिचा भरपूर उपयोग केला. माल व पैसा यांची अदलाबदल तिने एका क्षणी आणली, हा तिचा गुण. आणि ग्राहकाने दारात 'नको' म्हटल्यास जाण्यायेण्याचा खर्च व मोडलेले पुस्तक विक्रेत्याच्या पदरी पडे, हा तिचा दोष. परत आलेल्या व्ही. पी. हे मराठी नियतकालिकांचे जुने दुखणे होते. आज घरपोच रोख वसुलीने पाठविलेली पार्सले जेव्हा दारातून परत येतात तेव्हा त्याच दुखण्याची पुनरावृत्ती होत असते.

ऑनलाइन लिलावाने याहून मोठी झेप घेतली. १९९५ साली अमेरिकेत पिअर ओमिडयार यांनी सुरू केलेले लिलावाचे संकेतस्थळ पुढे 'ईबे' या नावाने प्रसिद्धीस आले. अनोळखी माणसांत विश्वास कसा निर्माण करावा, या प्रश्नास त्यांनी १९९६ साली दिलेले उत्तर साधे होते: व्यवहारानंतर ग्राहकाने विक्रेत्याविषयी आणि विक्रेत्याने ग्राहकाविषयी जाहीर शेरा लिहावा. भारतात मुंबईची 'बाझी' ही कंपनी २००० च्या सुमारास याच धर्तीवर उभी राहिली. २००४ साली ईबेने ती विकत घेतली. तिच्या 'पैसापे' या योजनेत ग्राहकाचे पैसे प्रथम कंपनीकडे जमा होत आणि नंतर विक्रेत्यास मिळत. अडत्याचे काम हे आणि व्ही. पी. चे कामही हेच. हे भारतीय संकेतस्थळ २०१७ साली फ्लिपकार्टकडे गेले आणि ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाले. पण पैसे मध्यस्थाकडे अडवून धरण्याची रीत अन्य संकेतस्थळांवर रुळली.

या इतिहासातील महत्त्वाचे वळण मे २००८ चे आहे. त्या महिन्यापासून ईबेवर विक्रेत्यास ग्राहकाविषयी प्रतिकूल शेरा लिहिता येईनासा झाला. विक्रेते सूड म्हणून वाईट शेरा देतात आणि त्या भीतीने ग्राहक खरे बोलत नाहीत, असे कारण दिले गेले. कारण खोटे नव्हते. परंतु परिणाम असा झाला, की पोचेविषयीची जाहीर साक्ष एकतर्फी झाली. भारतात २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी सदोष, वर्णनाशी न जुळणारा अथवा उशिरा पोचलेला माल परत घेण्यास विक्रेत्याने नकार देऊ नये असे ठरविले. उशीर अनिवार्य आपत्तीमुळे झाला असल्यास तेवढा अपवाद ठेवला. ग्राहकाच्या दृष्टीने हे रक्षण आवश्यकच होते.

कोल्हापूरच्या विक्रेत्यास हे नियम कसे लागतात ते पाहण्यासारखे आहे. कोल्हापुरी गुळास २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. कोल्हापुरी चपलेस २०१९ साली, महाराष्ट्र व कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी, ते मिळाले. दोन्ही जिन्नस आता पडद्यावरील चित्र पाहून मागविले जातात. चित्र हा आजचा नमुना होय. परंतु हाताने शिवलेली चप्पल दुसरीसारखी तंतोतंत नसते आणि एका आधणाचा गूळ दुसऱ्यासारखा नसतो. कारखान्यातील एकसारख्या वस्तूसाठी 'वर्णनाशी जुळत नाही' हा शेरा एक अर्थ सांगतो. हातकामाच्या वस्तूसाठी तो केवळ तिचा स्वभाव सांगत असण्याचा संभव असतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगेच्या महापुराने पुणे–बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि वाहतूक खोळंबली. अशा वेळी कायदा आपत्तीचा अपवाद मान्य करील. ग्राहकाच्या शेऱ्यास मात्र कोणताही अपवाद लागू नाही.

७

वरील विवेचनावरून निघणारा निष्कर्ष असा. कोल्हापूरच्या पेठेत विक्रेत्याचे दोन तंटे होते. भावाचा तंटा उघड बोलीने सोडविला. आज तर भाव जगाच्या पाठीवर कोठूनही दिसतो. पोचेचा तंटा मात्र अडत्या, रेल्वे, टपाल आणि संकेतस्थळ अशा चार मध्यस्थांच्या हातून गेला. प्रत्येकाने पैशाची सोय अधिक चांगली केली, पण माल कोणत्या अवस्थेत निघाला हे सांगण्याचा विक्रेत्याचा अधिकार उत्तरोत्तर क्षीण झाला. अडत्याच्या दुकानी शेतकरी निदान काट्याजवळ उभा राहू शकत होता. आपल्या रव्याचा कडता कोणी व किती कापला हे त्यास डोळ्यांनी दिसे आणि त्याविरुद्ध तो बाजार समितीकडे दाद मागू शकत असे.

आधुनिक नियमांमागे मोठा विक्रेता व दुबळा ग्राहक असे चित्र आहे, आणि बहुतांशी ते खरे आहे. पण गुऱ्हाळवाला अथवा चांभारवाड्यातील कारागीर जेव्हा महानगरातील ग्राहकास माल पाठवितो तेव्हा ते चित्र उलट होते. कौटिल्याने सौदा फिरविण्याची मुदत ठरविताना व्यापारी आणि शेतकरी यांत भेद केला. नारदाने ग्राहकाच्या पश्चात्तापाची किंमत दिवसागणिक वाढविली आणि वस्तूगणिक मुदत बदलली. त्यांचे नियम जसेच्या तसे आज चालणार नाहीत. परंतु पक्षांचे बळ आणि वस्तूचा स्वभाव पाहून नियम करावा, हे त्यांतील तत्त्व जुने झालेले नाही. माल निघताना त्याचे वजन व अवस्था यांची जी नोंद होते, ती मुक्कामी लिहिल्या जाणाऱ्या शेऱ्याइतकीच ग्राह्य धरली जाईल, तेव्हाच 'पोच' या शब्दाचे दोन अर्थ पुन्हा जवळ येऊ लागतील.